दोष शोधणे आणि दोष देणे

मराठीत 'दोष' या एकाच शब्दाबरोबर दोन क्रियापदे नांदतात. दोष शोधता येतो आणि दोष देता येतो. ऐकायला ही दोन कामे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. वस्तुतः त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. दोष शोधणारा विचारतो, 'हे कशामुळे झाले?' दोष देणारा विचारतो, 'हे कुणामुळे झाले?' पहिल्याच्या हाती शेवटी दुरुस्तीचे काम येते; दुसऱ्याच्या हाती केवळ एक माणूस सापडतो. घरात काही बिघडले, कुणी अंथरुणाला खिळले, एखादे नाते तुटले, म्हणजे आपल्या कुटुंबांत यांपैकी कोणता प्रश्न आधी विचारला जातो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

याला लागूनच आणखी एक प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड आहे. 'आम्हांला ठाऊक नव्हते' हे उत्तर माणसाला कुठवर निर्दोष ठरवते? न समजल्यामुळे घडलेली हानी कधी दुर्दैव असते आणि कधी पाप? हा विचार अधांतरी राहू नये म्हणून आम्ही येथे एक अगदी घरगुती वस्तू समोर ठेवीत आहोत : घराला ऊब देणारा अग्नी.

लोणखेडा हे शहाद्याला खेटून असलेले गाव. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा गावच्या वाचकांपुढे घर तापविण्याची गोष्ट कशाला काढावी, असे कुणी म्हणेल. परंतु येथून उत्तरेला सातपुडा चढून तोरणमाळच्या पठारावर किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या परिसरात भर हिवाळ्यात गेले, तर कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचे दव गोठलेले आढळते. डोंगरातल्या पाड्यावरील कुडाच्या घरात त्या रात्री एकच अग्नी असतो. त्याच्यावर भाकरी भाजली जाते, त्याच्याच उजेडात जेवणे होतात आणि त्याच्याच भोवती म्हातारी माणसे व लेकरे निजतात. दुसरीकडे वसईपासून खानदेशापर्यंतच्या आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले आज इंग्लंड-कॅनडासारख्या थंड देशांत संसार करीत आहेत. तेथे घरोघरी मध्यवर्ती तापनव्यवस्था असते. चूल आणि बॉयलर यांच्यात अंतर मोठे असले तरी दोहोंचा धर्म एकच, आणि दोहोंत बिघाड झाला की माणसाची परीक्षाही एकच.

आधी परदेशातील घराचे पाहू. तेथील सर्वसाधारण व्यवस्था अशी : एका बॉयलरमध्ये गॅस जळतो व पाणी तापते. पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेला लोखंडी रेडिएटर त्या पाण्याची उष्णता खोलीला देतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. भिंतीवर थर्मोस्टॅट नावाचे एक छोटे उपकरण असते. खोली पुरेशी तापली की ते बॉयलरला थांबण्याची आज्ञा देते, गारवा वाढला की पुन्हा पेटण्याची.

ही व्यवस्था बिघडली म्हणजे अनुभवी कारागीर काय करतो, ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तो लगेच पाना हाती घेत नाही. आधी सगळ्या खोल्यांतून फिरतो व रेडिएटरला हात लावून पाहतो. एखादा रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला, तर आत हवा अडकली आहे. वरची लहान कळ किंचित सैल करून ती हवा सोडली की काम झाले. वर गरम आणि खाली मधोमध गार लागला, तर तळाशी गंजाचा गाळ साचला आहे. तो धुऊन काढावा लागेल. बाकी सगळे गरम आणि एकच थंड असेल, तर बहुधा त्याची झडप चिकटली आहे. बॉयलर पेटलेला असूनही सगळे घरच गार असेल, तर पंपाकडे पाहावे. दाब दाखविणाऱ्या तबकडीवर गार अवस्थेत साधारणतः १ ते १.५ बार एवढा आकडा दिसावा लागतो; पाणी भरूनही तो पुनःपुन्हा उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे, मग ती फरशीखाली का असेना.

या पद्धतीत तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे, लक्षण आणि कारण यांची गल्लत कारागीर करीत नाही. रेडिएटर गार आहे हे लक्षण. त्यावर रागावून काही होत नाही. दुसरी म्हणजे, तो एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि घर तापले, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुढच्या हिवाळ्यात परत येतो. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही घरांत यंत्राचा एकही भाग बिघडलेला नसतो, तरीही मागची खोली कुडकुडत असते. अशा वेळी जाणता कारागीर थर्मोस्टॅट कोठे बसवला आहे ते पाहतो. तो जर बैठकीच्या खोलीत, उन्हाच्या तिरिपीत किंवा दुसऱ्या एखाद्या उबदार कोपऱ्यात असेल, तर तो प्रामाणिकपणे सांगतो की घर पुरेसे तापले आहे. तो खोटे बोलत नाही. तो जेथे आहे तेथे खरोखरीच ऊब आहे. परंतु आज्ञा देण्याचा अधिकार त्याच्याकडे, आणि थंडी मात्र दुसऱ्याच्या वाट्याला.

आता आपल्या सातपुड्यातील घराकडे वळू. तेथे ना पंप आहे ना तबकडी. आहे ती मातीची चूल. तिचा बिघाड एकाच लक्षणातून बोलतो, ते म्हणजे धूर. धूर मात्र सगळा एकसारखा नसतो. लाकडाच्या टोकाला फेस येऊन ते फुसफुसत असेल आणि दाट पांढरा धूर निघत असेल, तर सरपण ओले आहे. सरपण वाळलेले असूनही धूर काळा असेल आणि भांड्यांवर काजळीचे थर चढत असतील, तर चुलीच्या तोंडात लाकडे कोंबलेली आहेत. आगीला हवा मिळत नाही. धुराडे असूनही धूर चुलीच्या तोंडातून उलट येत असेल, तर आत काजळी साचून वाट बुजली आहे. एरवी ठीक आणि ठरावीक दिशेचा वारा सुटला की घर धुराने भरत असेल, तर धुराड्याचे टोक छपराच्या आढ्यापेक्षा बुटके राहिले आहे. आणि धुराडेच नसेल, खिडकीही नसेल, तर शोधण्यासारखे काही उरतच नाही. कौलांच्या फटी हाच त्या धुराचा एकमेव मार्ग.

मैदानातली गावे यातून सुटली आहेत असेही नाही. लोणखेड्याच्या आसपास कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या हे इंधन चुलीला अजून परके झालेले नाही. गॅसची शेगडी घरात आली तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल, अशी विभागणी कितीतरी घरांत दिसते.

या धुराचा हिशेब जगाने बराच उशिरा मांडला. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह शेजारच्या गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाबरोबर किती धूर आत जातो याची मोजणी केली आणि १९८३ साली ती प्रसिद्ध केली. पुढील सुमारे चार दशके, २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी हाच विषय लावून धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाखांहून अधिक होती. न्यूमोनिया, दम्यासारखे श्वसनाचे विकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू या सर्वांशी या धुराचा संबंध आहे.

म्हणजे दोष दडलेला नाही. तो रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांना झोंबतो. मग तो शोधला का जात नाही? आमच्या मते याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही नैतिक आहेत.

पहिले कारण सवयीचे. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण दुसऱ्याचे समाधान करण्यासाठी वापरतो. सगळीकडे सारखेच चालते, तुमच्याच वाट्याला काही वेगळे आलेले नाही, असा तिचा आशय. ती म्हण सांत्वन करते, पण त्याचबरोबर शोध थांबवते. जे सर्वांच्या घरी आहे त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. खोकला हा म्हातारपणाचा भाग ठरतो आणि डोळ्यांतले पाणी हा बाईपणाचा.

दुसरे कारण उपायाच्या जागेचे. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' असे आपले पूर्वज म्हणत. बाळाला वारंवार छातीचा त्रास होतो, म्हणून आई त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात जाते. औषध मिळते, बाळ सुधारते आणि त्याच संध्याकाळी त्याच चुलीपाशी आईच्या मांडीवर निजते. औषध खोटे नव्हते. डॉक्टरांचाही अपराध नव्हता. चुलीपर्यंत मात्र कुणी पोहोचले नाही.

तिसरे कारण सर्वांत कठोर आहे. शोधण्याऐवजी आपण दोष देतो. घरात धूर झाला की 'हिला चूल पेटवता येत नाही' हे वाक्य कितीतरी सुनांनी ऐकले असेल. ओली मोळी कुणी आणली, धुराडे कुणी बांधले नाही, खिडकी ठेवायची नाही असे कुणी ठरवले, हे प्रश्न मागे पडतात; फुंकणी हाती असलेली व्यक्ती समोर असते आणि तीच दोषी ठरते. धूर जिच्या फुप्फुसांत जातो, धुराचा ठपकाही तिच्यावरच!

आपल्या धर्मग्रंथात या वृत्तीचे नेमके उदाहरण आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्यांच्या दृष्टीने उत्तरे दोनच शक्य होती आणि दोन्ही उत्तरे म्हणजे माणसे होती. प्रभू येशूने दोन्ही नाकारली आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असे तेथेही प्रभू बजावतो. मात्र त्याच श्वासात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करण्यास सांगतो, हे आपण विसरतो. मेलेल्यांना दोष देऊ नका म्हणजे जिवंतांनी निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. गरिबाला आधीच कमी भोग आहेत काय? त्याच्या घरात खिडकी नाही, कारण थंडी आत येते. धुराडे नाही, कारण पैसा नाही. शिवाय धुराचा उपयोगही आहे : त्याने डास पळतात, छपराच्या बांबूला कीड लागत नाही, बियाण्यासाठी टांगलेली मक्याची कणसे टिकतात. अशा माणसाला तुम्ही आता अज्ञानाचे पापही चिकटवणार काय?

हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. धुराचे उपयोग न विचारता 'धूर वाईट' असे सांगत फिरणाऱ्याने दोष शोधलेलाच नाही. त्याने आपले उत्तर बरोबर आणले आहे. पापाविषयी मात्र ख्रिस्तसभेच्या परंपरेने फार विचारपूर्वक भेद केलेला आहे. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाच्या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा केली. प्रयत्न करूनही जे कळणे शक्य नाही, त्याचे न कळणे हे पाप नाही. जे कळणे शक्य आहे आणि ज्याची माहिती करून घेणे आपले कर्तव्य आहे, त्याबाबत उदासीन राहणे हे पाप आहे. आणि याच्याही पुढची एक पायरी ते दाखवतात : कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून मुद्दाम जोपासलेले अज्ञान. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (क्रमांक १६) हाच भेद सांगितला. अपरिहार्य अज्ञानाने चुकणारी सद्सद्विवेकबुद्धी आपली प्रतिष्ठा गमावत नाही. पण सत्य शोधण्याची जो फिकीर करीत नाही, त्याला ही सवलत नाही.

हा भेद किती सूक्ष्म आहे हे समजण्यासाठी दुसऱ्या एका विषाकडे पाहू. गॅस, कोळसा किंवा लाकूड पुरेशा हवेअभावी जळले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके धरून ठेवते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट ते या वायूला धरते. परिणामी माणूस श्वास घेत असतो आणि तरीही आतून गुदमरत असतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि तो झोपी जातो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बंद स्नानगृहातील गॅस गीझरमुळे आंघोळीला गेलेली तरुण माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या आहेत. उत्तर भारतात दर हिवाळ्यात, दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत. लाकूड धुमसते म्हणून आपण त्याला घाबरतो. फुललेला निखारा धूर देत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो.

ज्या बापाने आपल्या लेकरांना थंडी लागू नये म्हणून अशी शेगडी खोलीत ठेवली, त्याला कोणता न्यायाधीश पापी म्हणेल? त्याने प्रेमापोटीच ती ठेवली. येथे अज्ञान खरोखरच अपरिहार्य असू शकते. परंतु हा विषय वाचलेल्या, ऐकलेल्या माणसाचे काय? ज्याला आता ठाऊक आहे की ज्योत निळी न राहता पिवळी, मंद व काजळी धरणारी झाली की ती धोक्याची खूण आहे. घरातल्या सर्वांचे डोके एकाच वेळी दुखते आणि मोकळ्या हवेत गेल्यावर थांबते, तेव्हा दोष पित्ताचा नसून हवेचा असतो. त्याची स्थिती बदलली आहे. ज्ञानाबरोबर कर्तव्य येते. म्हणूनच कधीकधी माणूस ज्ञानापासून दूर पळतो.

तर मग प्रश्न असा की, शोधण्याचे कर्तव्य कुणाचे? येथे तो थर्मोस्टॅट पुन्हा आठवावा. घराची रचना, सरपणाची व्यवस्था, पैशाचा खर्च यांविषयी निर्णय घेणारा पुरुष बहुधा ओटीवर किंवा अंगणातल्या शेकोटीपाशी असतो. तेथे हवा मोकळी आहे. धूर फार नाही असे तो म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो जेथे बसला आहे तेथे खरोखर धूर नाही. त्याचे अज्ञान त्याच्या बसण्याच्या जागेतून आलेले आहे, आणि जागा बदलणे त्याच्या हाती आहे. ते हाती आहे म्हणूनच हे अज्ञान अपरिहार्य नव्हे. इंग्लंडच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांत एक शहाणपण आहे. भाड्याने दिलेल्या घरातील गॅसच्या उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणी करवून घेण्याची जबाबदारी त्या नियमांनी घरमालकावर टाकली आहे. विष भाडेकरूच्या श्वासात जाते, परंतु शोधण्याचे कर्तव्य ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचे.

हेच मोठ्या व्यवस्थांनाही लागू पडते. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. आपल्या राज्यात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, ग्रामीण स्वयंपाकाला साजेशा चुलींवर मोलाचे काम केले. तरीही देशभरच्या त्या कोट्यवधी चुलींतील पुष्कळशा काही वर्षांतच निकामी झाल्या. धुराडी काजळीने बुजली, ती साफ कुणी करायची हे ठरले नव्हते. तडे गेले, डागडुजीला कुणी आले नाही. कुठे घरच्या भांड्यांना चुलीचे तोंड जुळले नाही. किती चुली बसवल्या याची मोजदाद झाली. किती घरांतला धूर गेला, हे विचारायला फारसे कुणी परतले नाही. पुढे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्याचा तिचा निर्णय स्वागतार्ह होता. आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, त्या वेळच्या औरंगाबाद येथे, देण्यात आली. पण रिकामी टाकी पुन्हा भरण्याचा खर्च जिला झेपत नाही, तिच्या घरात शेगडी कोपऱ्यात आणि चूल मधोमध, असेच चित्र उरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात (क्रमांक २०) स्वयंपाकाच्या व उबेसाठी जाळलेल्या इंधनाच्या धुराचा मुद्दाम उल्लेख केला आहे. विश्वाच्या चिंतेत त्यांनी चुलीला जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

या सर्वांत दोषी कोण? प्रामाणिकपणे सांगायचे तर एकच एक दोषी सापडत नाही. गरिबी, सवय, थंडी, अपुरी योजना आणि ओटीवरचा माणूस यांच्यात दोष वाटला गेला आहे. पण दोषी सापडला नाही म्हणून जबाबदार कुणीच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. भल्या शोमरोन्याने त्या वाटसरूला लुटले नव्हते. लुटारू कोण होते याची त्याने चौकशी केल्याचेही दाखल्यात नाही. त्याने जखमा पाहिल्या, त्या बांधल्या, माणसाला उतारशाळेत नेले आणि परतताना पुन्हा येण्याचे वचन दिले. दोष त्याचा नव्हता. दुरुस्ती मात्र त्याने आपली मानली. ख्रिस्ती माणसाचे स्थान नेहमी येथेच आहे.

यंत्राचा दोष शोधणे आणि माणसांच्या घरातला दोष शोधणे यांत शेवटी एक फरक राहतो. रेडिएटर बोलत नाही, माणूस बोलतो. म्हणून घरातील शोधाचे पहिले साधन विचारपूस हे आहे आणि पहिला साक्षीदार आहे चुलीपुढे बसणारी व्यक्ती. मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्याची हकिकत आहे. प्रभूने त्याच्या डोळ्यांना स्पर्श केला आणि लगेच विचारले, तुला काही दिसते काय? माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, असे तो म्हणाला. म्हणजे काम अर्धेच झाले होते. प्रभूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्याला स्पष्ट दिसू लागले. ज्याच्या शब्दाने वादळ शमले, त्याने उपाय केल्यानंतर रोग्यालाच विचारले की फरक पडला का! मग आपण आपल्या औदार्याची तपासणी न करता निघून जावे, हे कसे शोभेल?

मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांनी केलेल्या पापांबरोबरच जे करायचे राहून गेले त्याचीही कबुली देतो. केलेल्या पापांची यादी माणसाला सहज आठवते. न केलेल्याची आठवत नाही, कारण त्याची खूण दुसऱ्याच्या अंगावर असते. ती पाहायची तर दुसऱ्याच्या जागी जाऊन बसावे लागते. म्हणून येत्या आगमनकाळासाठी आमची एक साधी सूचना आहे. घरच्या कर्त्या पुरुषाने एका संध्याकाळी स्वयंपाक सुरू झाल्यापासून शेवटची भाकरी उतरेपर्यंत चुलीपाशी बसावे. धूर पांढरा की काळा, तोंडातून येतो की धुराड्यातून, ते पाहावे. सरपण पावसाळ्यापूर्वीच आडोशाला रचले होते का, धुराडे शेवटचे कधी साफ केले, वरची चार कौले उचलून हवेला वाट देता येईल का, हे विचारावे. ज्यांच्या घरी गॅसचा गीझर आहे, त्यांनी तो बंद स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत हलवावा. पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवून कुणी निजू नये. आणि जे उत्तर मिळेल ते कितीही गैरसोयीचे असले, तरी उत्तर देणाऱ्या व्यक्तीवर रागावू नये.

कारण दोष शोधणाऱ्याला बहुधा आपल्याही वाट्याचे काही सापडते. ते सापडले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. ज्याला आपल्या वाट्याचे सापडले, त्याच्या हाती दुरुस्तीचे निदान एक टोक तरी आले. दोष देणाऱ्याच्या हाती तेवढेही येत नाही. त्याच्या घरात धूर तसाच राहतो, आणि त्या धुरात बसलेल्या माणसाच्या मनावर एक ओझे मात्र वाढते. परमेश्वराने आपल्याला डोळे दिले आहेत ते पाहण्यासाठी. जे घर आपल्याला ऊब देते, त्याची किंमत कोण आपल्या श्वासाने चुकवीत आहे, एवढे तरी या हिवाळ्यात आपण पाहावे.